कॅबिनेट घेताना काच बघू नका, वारा बघा



आज मार्केटिंग नाही, जीएसटी नाही, कर्जाची फाईलही नाही. आज बोलायचंय एका लोखंडी डब्याबद्दल. आपल्याकडे सगळे ज्याला ‘सीपीयू’ म्हणतात तो डबा. खरं तर सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, काडेपेटीपेक्षाही छोटा. बाहेरच्या डब्याला दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतो, आपणही तेच म्हणू.

तुम्ही म्हणाल, सर, डबा तो डबा, त्यावर काय लेख लिहायचा? मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. पण गेल्या काही वर्षांत व्हिडिओ एडिटिंग, अल्बम डिझायनिंग, फ्लेक्स, थ्रीडी डिझाईन, यूट्यूब असले कॉम्प्युटरवर चालणारे धंदे सुरू करणारे खूप जण माझ्या ट्रेनिंगला आले. त्यातल्या कितीतरी जणांचं मशीन एकाच कारणानं रडत होतं. ते कारण होतं उष्णता. आणि उष्णतेमागे बहुतेक वेळा चुकीचं कॅबिनेट, नाहीतर बरोबर कॅबिनेट पण चुकीची मांडणी.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कॉम्प्युटर हे ज्याचं कमवायचं मशीन आहे, त्यानं कॅबिनेट बघून निवडावं, हात लावून निवडावं, आणि दिव्यांच्या झगमगाटावर एक रुपयाही घालू नये. का, ते सांगतो.

लग्नसराईत बंद पडलेलं मशीन

अकोल्याकडच्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. घरच्या वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, तिथे लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. आसपासच्या फोटोग्राफर्सची कामं घ्यायची, एडिट करून द्यायची. मुद्रा कर्ज काढून मशीन घेतलं होतं. प्रोसेसर चांगला, ग्राफिक्स कार्ड चांगलं, रॅम भरपूर. दुकानदारानं सांगितलं, “ताई, एवढं भारी मशीन घेताय, कॅबिनेट पण तसंच शोभेल असं घ्या.” पुढून काच, बाजूनं काच, आत सात रंगांचे पंखे. दिवाळीत पूजेला ठेवलं तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते म्हणे.

हिवाळा छान गेला. एप्रिल उजाडला आणि दोन गोष्टी एकदम आल्या. लग्नसराई आणि ऊन. विदर्भातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. अकोला, नागपूर, चंद्रपूर, तिकडे खानदेशात जळगाव, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. वर पत्रा.

आधी एक्स्पोर्टला दोन तास लागायचे, ते तीन तास लागायला लागले. मग मशीन मधेच आपोआप बंद व्हायला लागलं. दुकानातला मुलगा आला, विंडोज पुन्हा टाकून गेला. फरक नाही. मग म्हणाला रॅम खराब असेल. रॅम बदलली. फरक नाही. शेवटी म्हणाला प्रोसेसरच गेला असणार. तोपर्यंत दोन फोटोग्राफर्सनी काम काढून दुसरीकडे दिलं होतं. आणि कर्जाचा हप्ता काही ऊन बघून थांबत नाही.

त्यांचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, “ताई, पुढची काच निघते का?” निघत होती. म्हटलं, काढा आणि तोच एक्स्पोर्ट पुन्हा लावा. मशीन बंद पडलं नाही. काहीही विकत न घेता, फक्त श्वास घ्यायला जागा दिल्यावर मशीन पूर्ण रात्र चाललं.

मित्रांनो, त्या मशीनमध्ये काहीही खराब नव्हतं. ते गुदमरलं होतं.

आत नेमकं काय होतं

जरा साध्या भाषेत समजून घेऊ, म्हणजे कुणी तुम्हाला गंडवणार नाही.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. एडिटिंगचं मशीन जोरात चालताना ३०० वॅट खातंय असं धरा. म्हणजे शंभर वॅटचे जुने पिवळे बल्ब आठवा, तसे तीन बल्ब एका बंद डब्यात लावून ठेवलेत. पोल्ट्रीवाले पिल्लांना ऊब द्यायला बल्ब लावतात, त्यांना विचारा बल्ब किती तापवतो ते!

ही उष्णता बाहेर न्यायचं काम हवेचं. प्रोसेसरवरचा कूलर आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे उष्णता तुकड्यावरून उचलतात आणि डब्यातल्या हवेत सोडतात. त्यांचं काम तिथं संपलं. ती गरम हवा डब्याबाहेर काढणं आणि थंड हवा आत आणणं हे कॅबिनेटचं काम. हवा बदलली नाही तर कूलर तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. कितीही महागडा कूलर लावा, गरम हवेनं तो काय थंड करणार?

आता प्रोसेसर शहाणा असतो. त्याला कंपनीनं एक मर्यादा घालून दिलेली असते. आजच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची ती ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तुम्हाला स्क्रीनवर काही दिसत नाही, एरर येत नाही, काम फक्त हळू होतं. तरीही तापत राहिला तर जळण्याआधी मशीन बंद करून टाकतो. ग्राफिक्स कार्ड असंच करतं. मदरबोर्डवर बसणारी ती छोटी एनव्हीएमई एसएसडी, तीही जास्त तापली की वेग कमी करते.

म्हणजे बघा, तुम्ही पैसे मोजले वेगवान प्रोसेसरचे आणि मे महिन्यात वापरताय मधल्या दर्जाचा. हे मला जास्त खटकतं. बंद पडणारं मशीन निदान कळतं तरी. हळू झालेलं मशीन कळतच नाही, आणि आपण स्वतःलाच दोष देतो की माझाच हात हळू आहे.

जरा हिशोब मांडू

आपण धंदेवाले. हिशोबाशिवाय कशाला ऐकायचं?

समजा रोजचा एक मोठा एक्स्पोर्ट दोनऐवजी तीन तास घेतोय. रोज एक तास गेला. उन्हाळ्याचे साठ दिवस धरा, साठ तास गेले. तुमच्या एका तासाची किंमत दोनशे रुपये धरली तरी बारा हजार झाले. काचेचं कॅबिनेट आणि त्याच दर्जाचं जाळीचं कॅबिनेट यांच्या किमतीत फार तर हजार-दीड हजाराचा फरक असतो, आणि कित्येकदा जाळीवालंच स्वस्त असतं!

दोनशेच्या जागी तुमचा आकडा टाका आणि स्वतः मांडून बघा. यात हातचं गेलेलं गिऱ्हाईक मी धरलेलंच नाही. ते परत आणायला काय लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

कांदा चाळ आणि स्वयंपाकघर

हवा कशी खेळवायची हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. नाशिककडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. कांदा चाळ जमिनीपासून उचललेली असते, भिंतींना फटी असतात, खालून-बाजूनं वारा आत येतो आणि कांद्यातून फिरून बाहेर जातो. चाळीला सुंदर काच बसवली तर? आठवड्याभरात वास सुटेल. कॅबिनेट म्हणजे छोटी कांदा चाळच समजा.

दुसरं उदाहरण घरातलं. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावलाय, पण दार-खिडकी सगळं बंद. फॅन घरघर करतो आणि धूर आतच. कारण हवा बाहेर जायची तर कुठून तरी आत यायला हवी. खिडकी जरा उघडा, धूर लगेच पळतो. काचेच्या कॅबिनेटमध्ये हेच होतं. पुढे तीन पंखे असतात, पण त्यांच्यासमोर काच आणि बाजूला जेमतेम फट. पंखे फिरतात, रंग उजळतात, हवा येत नाही.

घेताना काय बघायचं

दुकानात गेलात की हे सहा प्रश्न विचारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, नाहीतर तालुक्याच्या दुकानात, प्रश्न हेच.

१. पुढची बाजू जाळीची आहे का? हा पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न. बाजूला काच असली तर चालेल, तिथून हवा घ्यायची नसते. पुढे मात्र जाळीच हवी. जाळीच्या आड मोबाईलचा टॉर्च धरा. उजेड चांगला आरपार येत असेल तर हवाही येईल. काही कॅबिनेटना पुढे जाळीसारखी नुसती नक्षी असते आणि मागे प्लॅस्टिक. फसू नका.

२. पंख्यांना जागा किती, आणि सोबत किती पंखे येतात? पुढे दोन आणि मागे एक, एवढे तीन पंखे बसलेच पाहिजेत. आकार १२० किंवा १४० मिलिमीटर. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज कमी. नुसता मागचा एकच पंखा येत असेल तर पुढच्या दोन पंख्यांची किंमत आधीच हिशोबात धरा.

३. माझं सामान यात बसेल का? मदरबोर्डचा साईज बघा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा. छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलटं होत नाही. कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. उंच टॉवर कूलर १५५-१६० मिलिमीटरचे असतात. कॅबिनेट अरुंद असेल तर झाकणच लागणार नाही, आणि मग तुम्ही ते कायमचं उघडं ठेवणार.

४. धुळीची जाळी सहज निघते का? पुढची आणि खालची, दोन्ही. स्क्रू ड्रायव्हर लागत असेल तर खरं सांगा, तुम्ही ती कधीच साफ करणार नाही.

५. मागे केबल लपवायला जागा आहे का? मदरबोर्डच्या पाठीमागे बोटभर तरी जागा हवी. नाहीतर सगळ्या वायरी पुढे, पंख्यांच्या तोंडाशी येतात.

६. एसएमपीएस वेगळा घेताय ना? ‘कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री’ ही स्कीम अजून चालते. बिलिंगच्या साध्या मशीनला एक वेळ चालून जाईल. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला असला फुकटचा एसएमपीएस लावू नका. डब्यावर लिहिलेले वॅट प्रत्यक्षात मिळतीलच असं नाही, आणि तो गेला तर एकटा जात नाही. चांगल्या कंपनीचा, वॉरंटीवाला, वेगळा घ्या.

आणि हो, बिल पक्कं घ्या. तुमच्या फर्मचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर टाकून घ्या. इनपुट क्रेडिट हा तुमचा हक्काचा पैसा आहे. वॉरंटीच्या वेळी त्या कागदाचीच गरज पडते.

मांडणी: इथेच बहुतेक चुका होतात

चांगलं कॅबिनेट घेतलं आणि पंखे उलटे लावले, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एका मशीनमध्ये तर पुढचे दोन्ही आणि मागचा, सगळे पंखे हवा बाहेरच फेकत होते. म्हणून नीट वाचा.

हवेचा रस्ता सरळ ठेवा. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. बस्स. पुढचे दोन पंखे आत खेचणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. बहुतेक धंद्यांच्या मशीनला एवढं पुरतं. वर पंखा लावायचाच असेल तर तो वरच्या भागात मागच्या बाजूला लावा. वर आणि पुढे लावलात तर पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आत वरून निघून जाते.

पंख्याची दिशा ओळखा. साध्या पंख्यात ज्या बाजूला मधला आधार म्हणजे आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. पलीकडच्या मोकळ्या बाजूनं ती आत येते. काही पंख्यांच्या कडेवर बाणही असतो. रंगीत पंख्यांत काही मुद्दाम उलट्या पात्यांचे येतात, तिथे नजरेवर विश्वास ठेवू नका. मशीन सुरू करून टिश्यू पेपरची पट्टी जाळीसमोर धरा. पट्टी चिकटली तर हवा आत जातेय, उडाली तर बाहेर येतेय. दहा सेकंदांचं काम.

आत येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. यामागे धुळीचं गणित आहे. बाहेर टाकणारे पंखे जास्त झाले तर डबा प्रत्येक फटीतून हवा ओढतो, आणि फटींना फिल्टर नसतो. आत घेणारे जास्त असले तर हवा फिल्टरमधून येते आणि फटींतून बाहेर जाते. आपल्याकडच्या धुळीत हे फार महत्त्वाचं. तुमच्या शेजारी पिठाची गिरणी किंवा फर्निचरचं दुकान असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एसएमपीएसचा पंखा खाली. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला बसतो. तळाला जाळी असेल तर त्याचा पंखा खालच्या बाजूला करा, म्हणजे तो बाहेरची हवा घेईल. मात्र मग कॅबिनेट गालिचावर, सतरंजीवर ठेवायचं नाही. थेट फरशीवरही नको. झाडूची सगळी धूळ तिथेच येते. सहा-आठ इंच उंच लाकडी पाट किंवा स्टँड पुरे.

वायरी मागे बांधा. केबल टाय दहा-वीस रुपयांत मूठभर मिळतात. आळस करू नका.

पंख्याची वायर नीट जोडा. मदरबोर्डवर सीपीयू फॅन आणि चॅसिस किंवा सिस्टीम फॅन अशा पिना असतात. प्रोसेसरच्या कूलरची वायर सीपीयू फॅनवरच. चार पिनचा पंखा मिळाला तर तो घ्या, त्याचा वेग नीट कमी-जास्त करता येतो. मग बायोसमध्ये जाऊन सेटिंग करा, साध्या कामात सावकाश आणि तापमान वाढलं की जोरात. सतत फुल स्पीडला पंखे सोडले तर व्हॉइस ओव्हरमध्ये घरघर येते.

आणि एक गंमत. कूलरच्या तळाला पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. ते काढायचं विसरून कूलर बसवलेली मशीन्स आजही निघतात! तुमच्यासमोर असेंब्ली करून घ्या, म्हणजे असलं काही होणार नाही.

दोन सवयी सोडा

पहिली, कॉम्प्युटर टेबलाचा तो कप्पा. टेबल विकणारे ‘सीपीयू’साठी एक छान बंद कप्पा देतात, पुढे दार, मागे प्लायवूड. चांगल्यात चांगलं कॅबिनेट त्यात घालून दार लावलं की संपलं. मागून निघालेली गरम हवा फिरून पुढूनच आत येते. कप्प्याची मागची फळी काढून टाका, दार काढून टाका, नाहीतर कॅबिनेट बाहेर ठेवा. भिंतीपासून मागे वीतभर अंतर ठेवा. आणि देवाऱ्याखाली मशीन ठेवलं असेल तर जागा बदला. उदबत्तीची राख आणि धूर आत जाऊन चिकट थर बसतो, तो ब्लोअरनंही निघत नाही.

दुसरी, साईडचं झाकण काढून टेबल फॅन लावणं. ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे. मी तिला नावं ठेवणार नाही. ऐन कामात मशीन तापलं, उद्या डिलिव्हरी आहे, तर लावा की! पण हा उपाय एका रात्रीचा. कायम उघडं ठेवलं की धूळ बसते, झुरळं जातात, पाल शिरते. पावसाळ्यात मुंग्या घर करतात. घरात लहान मूल असेल तर बोट पंख्यात. झाकण काढल्यावर तापमान खूप उतरत असेल तर ते निदान समजा. तुमच्या कॅबिनेटमध्ये हवा फिरत नाही, हे मशीन तुम्हाला ओरडून सांगतंय. मग कॅबिनेट बदला किंवा पंखे वाढवा.

दुसरी बाजूही ऐकू

माझं म्हणणं सगळ्यांना पटत नाही. एकानं मला ट्रेनिंगमध्येच तोंडावर सांगितलं, “सर, माझं गेमिंग कॅफे आहे. पोरं रंगीत मशीन बघूनच आत येतात.” बरोबर आहे त्याचं! त्याच्यासाठी तो देखावा हीच दुकानाची पाटी आहे. त्यानं जरूर घ्यावं. फक्त काच बाजूला आणि पुढे जाळी, असं घ्यावं. दिवे जाळीमागूनही दिसतात. ज्या दिव्यामुळे गिऱ्हाईक आत येतं तो खर्च धंद्याचा. वरच्या खोलीत दार लावून एडिटिंग करणाऱ्यानं तेच घेतलं तर तो हौसेचा. हौस असावी, पण कर्जाच्या पैशातून नको.

दुसरा मुद्दा. ज्यांचं काम टॅली, बिलिंग, ऑनलाईन फॉर्म भरणं, साधं टायपिंग एवढंच आहे, त्यांनी हा लेख वाचून तीन पंख्यांचं मोठं कॅबिनेट आणू नये. तुमचं मशीन फार तापतच नाही. किराणा दुकानाला, महा ई-सेवा केंद्राला छोटं मशीन, एक पंखा आणि वेळेवर साफसफाई पुरते. वाचलेले पैसे यूपीएसवर घाला.

तिसरा प्रश्न नेहमी येतो, “सर, लिक्विड कूलर घेऊ का?” बहुतेकांनी नको. लिक्विड कूलर म्हणजे पाण्यानं उष्णता उचलायची आणि शेवटी रेडिएटरमधून हवेतच सोडायची. पुढे काच असेल तर तोही गुदमरतो. पंपही कधीतरी जातो, आणि तालुक्याच्या गावात त्याची वॉरंटी करून आणेपर्यंत तुमची डिलिव्हरी थांबते. चांगला एअर कूलर आणि मोकळं कॅबिनेट, ही जोडी धंद्याला बरी. पंखा गेला तर दुसरा पंखा गावात मिळतो.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. कॅबिनेट कितीही चांगलं असलं तरी मशीन खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीत ४२ अंश असतील तर आत येणारी हवाच ४२ ची. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. म्हणून पत्र्याच्या खोलीत बसणाऱ्यांनी आधी पत्र्याचा विचार करावा. पांढरा रंग, खालून सीलिंग, दुपारी जड काम टाळून एक्स्पोर्ट रात्री लावणं. यातली शेवटची गोष्ट फुकट आहे. कूलरवाल्यांनी डेझर्ट कूलरचं तोंड मशीनवर धरू नये, ओलसर हवा आणि तुषार आत जायला नकोत. कोकणात आणि मुंबईत गरमीपेक्षा दमट, खारट हवेचा त्रास जास्त. तिथे मशीन महिनोन्महिने बंद ठेवू नका, आणि गंजलेले स्क्रू दिसले की वेळीच बदला.

या आठवड्याचं काम

नेहमीप्रमाणे होमवर्क. वाचून सोडून देऊ नका.

एक, एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाका. मशीन नुसतं चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान वहीत लिहा.

दोन, तुमचं रोजचं सगळ्यात जड काम अर्धा तास लावा. पुन्हा तापमान लिहा, खोलीचं तापमानही लिहा.

तीन, झाकण काढून तेच काम पुन्हा अर्धा तास लावा. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट ठीक आहे. दहा अंशांच्या आसपास पडला तर दोष कुठे आहे हे तुम्हाला कळलंच.

चार, मशीन बंद करून, प्लग काढून साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, भन्नाट फिरू देऊ नका. फिल्टर धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. फिल्टर दर महिन्याला आणि आतून साफसफाई दर तीन महिन्यांनी, तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

पाच, बदल केल्यावर पुन्हा मोजा. मेकॅनिकनं “आता ठीक आहे” म्हटलं म्हणून पैसे देऊ नका. वहीतला आकडा उतरला का ते बघा आणि मग द्या.

त्या अकोल्याच्या ताईंचं पुढे काय झालं? प्रोसेसर बदलला नाही. जुनं काचेचं कॅबिनेट एका गेमिंगवाल्या मुलाला विकलं, त्यात थोडी भर घालून जाळीचं साधं काळं घेतलं. पुढे दोन पंखे, मागे एक. टेबलाखालून काढून पाटावर ठेवलं. दोघांतला एक फोटोग्राफर परत आला, एक आला नाही. त्यांनीच मला सांगितलं, “सर, आता मशीनकडे कोणी बघायला येत नाही. पण काम वेळेवर जातं.”

आपला धंदा त्या दुसऱ्या वाक्यावर चालतो, मित्रांनो.

पंख्यांची दिशा आणि टिश्यू पेपरची टेस्ट व्हिडिओत करून दाखवली आहे, ती बघा. उन्हाळा लागायच्या आत हे काम उरकून टाका, लग्नाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

भेटू पुढच्या लेखात. शिकत राहा, कमवत राहा!